गेट नसलेलं स्टेशन

बर्लिनमध्ये भुयारी रेल्वेच्या स्टेशनात शिरताना तुम्हाला कुणी अडवत नाही. गेट नाही, कार्ड टेकवायचं यंत्र नाही, दारात खुर्ची टाकून बसलेला माणूस नाही. रस्त्यावरून जिना उतरायचा, पिवळी गाडी येते, दार उघडतं, बसायचं. उतरताना तसंच, जिना चढून बाहेर. दिवसभर शहर पालथं घाला, कदाचित एकदाही कुणी तिकीट विचारणार नाही.

मग तिकीट का काढायचं?

मी नांदेडचा. इंजिनिअरिंग तिथेच झालं, नोकरी पुण्यात, आणि कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे बर्लिनला होतो. या तीन आठवड्यांत म्युझियम पाहिली, भिंतीचे तुकडे पाहिले, पण डोक्यात घर करून बसला तो हाच प्रश्न. ऐकायला चिल्लर वाटतो, चार युरोंचा तर मामला. पण कुणी बघत नसताना आपण नीट का वागायचं, हा माणसाला पडलेल्या फार जुन्या प्रश्नांपैकी एक आहे. बर्लिन तो तुम्हाला दिवसातून चार वेळा, जिना उतरता उतरता विचारतं.

आधी पद्धत समजून घेऊ. शहराचे तीन झोन आहेत: ए, बी आणि सी. नेहमीच्या फिरण्याला एबी तिकीट पुरतं. ते साधारण चार युरोंना मिळतं आणि दोन तास चालतं. त्या वेळात एकाच दिशेने जाताना भुयारी गाडी, लोकल, ट्राम, बस, काहीही बदला. कागदी तिकीट असेल तर प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या पेटीत सरकवून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यायचा. कधीतरी साध्या कपड्यांतली दोन माणसं डब्यात चढतात, दार बंद झालं की ओळखपत्र काढतात आणि म्हणतात, ‘फारकार्टन, बिट्टे.’ तिकीट दाखवा. नसेल तर साठ युरो दंड. २०१५ पर्यंत हा दंड चाळीस होता. व्हिएन्ना आणि प्रागमध्येही साधारण हीच रीत आहे. लंडन, पॅरिसच्या मेट्रोला मात्र गेट आहेत.

इंजिनिअर माणूस पहिल्यांदा हिशेब करतो. साठ भागिले चार म्हणजे पंधरा. पंधरा फेऱ्यांत एकापेक्षा जास्त वेळा तपासणी होत असेल, तर तिकीट काढणं फायद्याचं. त्याहून कमी होत असेल, तर न काढणं फायद्याचं. झालं, प्रश्न संपला. उरलं फक्त तपासनीस किती वेळा येतात ते मोजणं.

शहरानेही असाच हिशेब केलेला असणार. प्रत्येक स्टेशनात गेट बसवायची, ती दुरुस्त ठेवायची, ऑफिसच्या वेळी तिथे तुंबणारी गर्दी सांभाळायची, यापेक्षा काही फुकटे सहन करणं स्वस्त पडतं. आम्हीही सॉफ्टवेअरमध्ये हेच करतो. प्रत्येक गोष्ट प्रत्येक वेळी तपासली तर सिस्टीम रांगते. म्हणून काही ठिकाणी नमुना तपासायचा आणि बाकीचं सोडून द्यायचं. तेव्हा ‘बर्लिन आपल्या लोकांवर किती विश्वास टाकतं!’ असं भारावून जाणं जरा भाबडेपणाचं आहे.

पण हिशेब पुढे नेला की एक गंमत दिसते. मी तिथे होतो तेवढ्या दिवसांत माझं तिकीट दोनदा तपासलं गेलं. फेऱ्या साठच्या वर झाल्या असतील. म्हणजे निव्वळ हिशेबी माणसाने माझ्या जागी तिकीट काढायलाच नको होतं. तरी तपासणी झाली त्या दोन्ही वेळा डब्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने शांतपणे खिशातून तिकीट, पास किंवा मोबाइल काढला. याचा अर्थ, शहराचा हिशेब जुळतो तो हिशेब न करणाऱ्या माणसांमुळे. सगळेच माझ्यासारखे साठ भागिले चार करत बसले, तर दुसऱ्याच महिन्यात गेट बसवावी लागतील.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये दुसऱ्या भागात गायजेस नावाच्या मेंढपाळाच्या अंगठीची गोष्ट येते. अंगठीचा खडा आतल्या बाजूला वळवला की माणूस अदृश्य होतो. असं होताच तो मेंढपाळ राणीला फितवतो, राजाला मारतो, गादीवर बसतो. गोष्ट सांगणारा ग्लॉकन विचारतो, अशी अंगठी सज्जनाला दिली आणि दुर्जनाला दिली, तर दोघांच्या वागण्यात फरक राहील का? पकडलं जाण्याची भीती काढून घेतल्यावर न्यायाने वागायला काय कारण उरतं? प्रश्नाला जवळपास चोवीसशे वर्षं झाली. फरक एवढाच, की बर्लिनमध्ये ही अंगठी विमानतळावर उतरल्या उतरल्या प्रत्येक पाहुण्याच्या बोटात घातली जाते. तुम्हाला तिथे कुणी ओळखत नाही, तीन आठवड्यांनी तुम्ही जाणार, पुन्हा याल न याल.

अंगठीवाल्याच्या बाजूने सगळ्यात ताकदीचा युक्तिवाद हा आहे: गाडी तर जाणारच होती. मी बसलो म्हणून वीज जास्त लागली नाही, कुणाची जागा गेली नाही, ड्रायव्हरचा पगार कापला गेला नाही. मग नुकसान कुणाचं? ‘सगळ्यांनी असंच केलं तर?’ हे आईचं ठरलेलं उत्तर इथे पुरत नाही. कारण सगळे तसं करत नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे.

आणि नेमकी तिथेच गोम आहे. ‘गाडी तर जाणारच होती’ हे खरं आहे, कारण डब्यातल्या बाकीच्यांनी तिकीट काढलंय. माझं निमित्त चालतं ते इतरांनी तेच निमित्त न वापरल्यामुळे. म्हणजे मी ज्यांच्या प्रामाणिकपणावर प्रवास करतोय, त्यांनाच मनातल्या मनात बावळट ठरवतोय. नुकसान शोधायला गेलात तर पैशात सापडणार नाही. नियम सगळ्यांना आणि सूट मला, या भूमिकेत ते आहे. शेजारी बसलेल्या आजीला हे तोंडावर सांगता येणार नाही. जे शेजाऱ्याला सांगता येत नाही ते बहुतेक वेळा बरोबर नसतं, एवढी साधी कसोटी मला पुरते.

आता आपल्याकडे या. नांदेडहून लातूरला निघालेली एसटी लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाते. तिथे प्रवासी तिकिटाकडे जात नाही, तिकीट प्रवाशाकडे येतं. कंडक्टर गर्दीतून अंग चोरत शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, ‘बोला, तिकीट बोला’ करत प्रत्येकाला गाठतो. पूर्वी हातातल्या चिमट्याची टिकटिक ऐकू यायची, आता मशीनमधून चिठ्ठी निघते. रस्त्यात तपासणी पथक आडवं आलं आणि गाडीत एक जण विनातिकीट सापडला, तर त्या प्रवाशाला दंड होतोच. पण कंडक्टरची चौकशी लागते, प्रकरण नोकरीवर येतं. आपल्या व्यवस्थेने प्रामाणिकपणाचं ओझं कंडक्टरच्या खांद्यावर ठेवलंय. बर्लिनने ते प्रवाशाच्या खिशात ठेवलंय.

यावरून लगेच ‘आपल्या लोकांची ती लायकीच नाही’ असं म्हणायची आपल्याला खोड आहे. मला ते पटत नाही. मुंबईची लोकल बघा. बहुतेक स्टेशनांत गेट नाही, चारी बाजूंनी वाटा आहेत, टीसी कधी दिसतो कधी नाही, पकडलं तर भाडं आणि वर अडीचशे रुपये. रोज लाखो माणसं पास काढून, रांगेत उभं राहून तिकीट घेऊन त्यात चढतात. नांदेडच्या रेल्वे स्टेशनातही प्लॅटफॉर्मवर जायला गेट उघडावं लागत नाही. ही सगळी बर्लिनचीच पद्धत आहे, फक्त आपण तिला कधी विश्वास म्हटलं नाही.

आणि एसटीत तर उलट्या बाजूचा विश्वासही असतो. शंभराची नोट दिली आणि सुटे नसले, की कंडक्टर तिकिटाच्या मागे उरलेले पैसे लिहून देतो. ‘उतरताना घ्या.’ ना सही, ना शिक्का, पेनाने खरडलेला एक आकडा. अहमदपूरला उतरणारा माणूस तो कागद दाखवतो आणि पैसे मिळतात. शाळकरी वयात आम्ही हे इतक्या वेळा पाहिलंय, की त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलं नाही. ज्या समाजात तिकिटाच्या पाठीवरचा पेनाचा आकडा चालतो, त्या समाजात विश्वास नाही असं कसं म्हणायचं?

फरक आहे तो वेगळ्या जागी. एसटीत माणूस माणसाला विचारतो. बर्लिनमध्ये माणसाला पाटी वाचावी लागते. आणि पाहुण्याची अडचण इथून सुरू होते.

माझ्या एका सहकाऱ्याचं उदाहरण सांगतो. युरोपातल्याच दुसऱ्या एका राजधानीत तो आई-वडिलांना घेऊन गेला होता. तिघांची तिकिटं रीतसर काढली, नीट पाकिटात ठेवली. पेटीत सरकवून शिक्का मारायचा असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिसऱ्या स्टेशनावर तपासनीस आले. तिकिटं हातात होती, पैसे भरलेले होते, तरी तिघांना दंड. काकांना दंडाच्या रकमेचं इतकं काही वाटलं नाही. डब्यातली माणसं आपल्याकडे चोर म्हणून बघत होती, याचं वाटलं. आयुष्यभर तलाठी कार्यालयात दुसऱ्यांचे उतारे चोख लिहिलेला माणूस तो. ‘आपण तिकीट काढलं होतं ना रे?’ हेच ते रात्री पुन्हा पुन्हा विचारत होते.

नियमाच्या बाजूने बघितलं तर तपासनिसाचं चुकलं नाही. शिक्का नसलेलं तिकीट उद्याही वापरता येतं, परवाही. मग ते आज वापरलं की नाही कसं ठरवायचं? तपासनिसाला मन वाचता येत नाही. त्याला फक्त कागद वाचता येतो. बर्लिनमध्ये विमानतळ सी झोनमध्ये आहे. तिथून एबी तिकिटावर निघालेला पाहुणा पैसे भरूनही विनातिकीटच ठरतो. जर्मनीत स्वतःच्या नावाचा पास घरी विसरला, तर नंतर नेऊन दाखवता येतो आणि दंड बराच कमी होतो. पाहुण्याच्या साध्या तिकिटावर नावच नसतं, त्यामुळे त्याला ही सोय नाही. म्हणजे विश्वासाची व्यवस्था दोन गोष्टी मागते: प्रामाणिक असा, आणि प्रामाणिकपणा कसा सिद्ध करायचा हे तुम्हाला माहीत असू द्या. पहिली गोष्ट पाहुणा घरून आणतो. दुसरी त्याला कुणीतरी द्यावी लागते.

म्हणून मला वाटतं, गेट काढून टाकणाऱ्या शहरावर एक जास्तीचं कर्तव्य येतं. दार उघडं ठेवलंत, तर आतले नियम नवख्यालाही कळतील असे लिहा. आणि हे कर्तव्य आपल्यावरही आहे. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून माणसं येतात. लातूरला दर वर्षी बारावी आणि नीटच्या क्लाससाठी गावोगावची मुलं येतात, स्टँडवर ट्रंक घेऊन उतरतात. त्यांना ऑटोचं खरं भाडं कोण सांगतं? खोलीची अनामत परत मिळते की नाही, हे आधी कोण सांगतं? बाहेरून आलेल्याला आपल्या गावाचे न लिहिलेले नियम सांगणारा माणूस त्याच्यासाठी शिक्क्याच्या पेटीइतकाच महत्त्वाचा असतो.

या उघड्या दाराची आणखी एक बाजू आहे, आणि ती सुखाची नाही. जर्मनीत तिकिटाविना प्रवास हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. त्यासाठीचं कलम १९३५ सालचं आहे आणि त्यात एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. पुन्हा पुन्हा सापडलेल्या माणसाला न्यायालय दंड करतं, आणि तो भरता आला नाही तर त्याबदली तुरुंग. ज्यांच्याकडे चार युरो नव्हते त्यांच्याकडे दंडाचे पैसे कुठून येणार? असे लोक खरोखर आत जातात. २०२१ च्या डिसेंबरात ‘फ्रायहाइट्सफाँड्स’ नावाचा उपक्रम सुरू झाला. लोकांच्या देणग्यांतून असे दंड भरून माणसं सोडवायची, हे त्याचं काम. म्हणजे ज्या उघड्या दारातून मी कौतुकाने आत-बाहेर करत होतो, ते सगळ्यांना सारखं उघडं नाही. पगारदाराला पकडलं तर साठ युरो आणि थोडी लाज. बेघर माणसाला पकडलं, पुन्हा पकडलं, तर कोठडी.

हे कळल्यावर एका मित्राने मला विचारलं, ‘मग अशा व्यवस्थेला तिकिटाचे पैसे का देतोस? उलट फुकट फिरून निषेध कर.’ असा विचार करणारे आहेतही. स्टॉकहोममध्ये २००१ पासून ‘प्लांका’ नावाची चळवळ आहे. सदस्यांनी महिन्याला ठरावीक वर्गणी द्यायची, तिकीट न काढता फिरायचं, पकडलं गेलं की दंड त्या फंडातून भरायचा. सार्वजनिक वाहतूक सगळ्यांना मोफत हवी, अशी त्यांची उघड राजकीय मागणी आहे. मला यात एक गोष्ट फार मजेशीर वाटते: तिकीट न काढणाऱ्यांचा हा फंडही चालतो तो सदस्य प्रामाणिकपणे वर्गणी भरतात म्हणून! विश्वासाला बगल देऊन कुणाचंच भागत नाही.

त्या मित्राला माझं उत्तर असं. मागणी योग्यही असेल. लक्झेंबर्गने २०२० मध्ये देशभरातली सार्वजनिक वाहतूक मोफत केली, पाहुण्यांनासुद्धा. तिथे हा प्रश्नच उरत नाही. पण ज्याच्याकडे तिकिटाला पैसे नाहीत त्याची अडचण माझ्या फुकटेपणाची ढाल कशी होईल? माझ्या खिशात पैसे आहेत. त्याच्या नावाने मी चार युरो वाचवले, तर त्याला त्यातला एक सेंटही मिळत नाही. निषेध करायचा तर तिकीट काढून, नाव सांगून करता येतो. गुपचूप केलेली बचत म्हणजे निषेध नव्हे.

एका रविवारी मी यू-३ लाइनने दाहलेम भागात गेलो. थीलप्लाट्झला उतरून थोडं चाललं की इहने रस्त्यावर २२ नंबरची इमारत लागते. आज तिथे विद्यापीठाचा विभाग आहे. १९२७ साली तिथे कायझर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था सुरू झाली, आणि लगेच पुढच्या वर्षी इरावती कर्वे पीएचडीसाठी तिथे आल्या. वय तेवीसच्या आसपास. संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हेच त्यांचे मार्गदर्शक. कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते, आणि त्या असमानतेचा संबंध वंशाशी, गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाशी आहे, अशी फिशरांची धारणा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सगळ्याच माणसांत आढळते, वंशाशी तिचा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यांनी तोच लिहिला.

चार युरोंचं तिकीट आणि हे काम एका तराजूत घालायचं नाही, हे मला कळतं. पण त्या इमारतीसमोर उभं राहिल्यावर त्यांच्या जागी आपण असतो तर, हा विचार टाळता येत नाही. परका देश, परकी भाषा, उसन्या पैशावरचं शिक्षण, पदवी ज्याच्या हातात त्याला दुसरंच उत्तर आवडलं असतं. चार आकडे इकडचे तिकडे केले असते तर मिलिमीटरचा हिशेब कोण पुन्हा तपासणार होतं? उलट शाबासकी मिळाली असती. १९३३ नंतर त्या संस्थेने नाझींच्या वंशवादाला शास्त्राचा मुलामा कसा दिला, हे आज त्या इमारतीवरच्या फलकावर लिहिलेलं आहे. त्याच छताखाली काही वर्षं आधी पुण्याहून गेलेल्या एका पाहुणीने, मोजलं तेवढंच लिहिलं.

पाहुण्याबद्दल माझं मत इथे पक्कं झालं. आपल्याला वाटतं, पाहुणा म्हणजे जबाबदारीतून सुटलेला माणूस. त्याला मत देता येत नाही, तो कर भरत नाही, गटारं तुंबली तर त्याला तक्रार करायची नाही. पण म्हणूनच त्याने स्वतःहून केलेल्या गोष्टींना जास्त वजन येतं. त्या शहराच्या रोजच्या व्यवहारात त्याचा हात लागतो अशा जागा मोजक्या, आणि तिकीट ही त्यातली एक. ते काढताना तो म्हणत असतो: थोडे दिवस का होईना, तुमच्या या मांडामांडीत मीही आहे. हुजूर साहिबच्या लंगरात कुणी नाव-गाव-जात विचारत नाही, पैसे मागत नाही. तरी जेवून उठलेली काही माणसं बाह्या सरसावून भांडी घासायला बसतात. त्यांना कुणी पकडणार नसतं. पंगतीत नुसतं बसून जाण्यापेक्षा पंगतीचा भाग होणं त्यांना बरं वाटतं, एवढंच.

ग्लॉकनला माझं उत्तर एवढंच आहे. अंगठी घालून मिळतं ते एकट्याला मिळतं, आणि ते मिळवणारा माणूस त्या क्षणापुरता सगळ्यांतून उठतो.

तुम्हाला बर्लिनला जायची गरज नाही. येत्या दिवाळीत लातूरहून घरी निघा. गाडी खच्चून भरलेली असेल, तुम्ही मागच्या दाराशी लोंबकळत असाल, चाकूर येईल आणि कंडक्टर अजून तुमच्यापर्यंत पोचलेला नसेल. दार उघडेल. खाली उतरलात तर कुणालाच कळणार नाही. अशा वेळी गर्दीतून हात वर करा आणि हाक मारा, ‘मास्तर, माझं तिकीट राहिलंय.’ दोन जण वळून बघतील, एखादा हसेलही. हसू द्या. पुढच्या वळणावर तपासणीची गाडी उभी असली, तर त्या मास्तराच्या हिशेबात एक तिकीट कमी भरणार नाही.